पॅकिंग कुणी करायचं होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला नव्या इमारतींच्या गळतीवरचा लेख वाचला आणि रात्री धड झोप लागली नाही. 'कारागिरांचा दर्जा घसरला' हे त्यात चार वेळा आलंय, मी मोजलं. ३१ वर्षं पुण्यात साइटवर काढलीत, आता रिटायर आहे, म्हणून लिहितोय. गवंड्याचं काम वाकडं असलं तर ओळंबा लावला की कळतं, तोडून परत करून घेता येतं. पण गळती बहुतेक वेळा सुरू होते ती दोन एजन्सींच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंत्राटदारांच्या, मधल्या जागेत, जिथलं काम कुणाच्याच वर्क ऑर्डरमध्ये (कामाच्या लेखी आदेशात) नसतं. लेखात यावर एक ओळ नाही.

पुण्याजवळच्या वाकडची एक साइट होती, सात मजले, २८ फ्लॅट. प्लंबिंगचं ड्रॉइंग आमच्या हातात आलं तेव्हा चौथा स्लॅब ओतून झालेला, म्हणजे त्यातल्या स्लीव्ह, पाइप जायला आधीच ठेवायच्या नळ्या, राहिल्या. आरसीसीवाला, म्हणजे स्लॅब ओतणारा, म्हणाला ड्रॉइंगच नव्हतं तर मी कशाच्या जोरावर टाकू, आणि त्याचं बरोबर होतं. मग वॉटरप्रूफिंगवाल्याने कोबा केला, म्हणजे पाणी न झिरपणारा थर दिला, कडेने वाटे काढले, म्हणजे कोपरे गोलाईत भरले, ७२ तास पाणी भरून ठेवलं, खाली एक थेंब नाही, मी सही करून दिली. आणि दहा दिवसांनी कोअर कटिंगवाला येऊन त्याच पास झालेल्या कोब्यातून आरपार भोकं पाडून गेला, कारण प्लंबरला पाइप खाली न्यायचा होता. ११० मिमीचा पाइप, सहा इंची भोक, चारी बाजूंनी पाऊण इंच फट.

ती फट कुणी भरायची, म्हणजे तिचं पॅकिंग कुणी करायचं? प्लंबरच्या ऑर्डरमध्ये पाइप टाकणे, जोडणे आणि टेस्टिंग. वॉटरप्रूफिंगवाला माझ्याच सहीचा कागद दाखवतोय की माझं काम हँडओव्हर झालं. कोअर कटिंगवाला भोकं मोजून बिल घेऊन गेला. शेवटी मुकादमाने एका गवंड्याला सांगितलं, भर रे तेवढं. त्याने सिमेंटच्या गोणीचा बोळा खालून कोंबला आणि वरून सिमेंट-वाळूचा माल मारला. खालून फळी बांधायची, कडा ओल्या करायच्या, नॉन-श्रिंक ग्राउट (सुकल्यावर न आकसणारं मिश्रण) ओतायचं, वरून परत कोट मारून परत पाणी भरायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही, मीही नाही.

पझेशननंतर सहाव्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या देवघराच्या भिंतीला ओल आली. मी बघायला गेलो तर त्या तसबिरी उतरवून एकेक पुसत बसल्या होत्या, मागचे पुठ्ठे फुगलेले.

वरून आदेश आला, कुणाच्या तरी बिलातून कापा. मी प्लंबरच्या रिटेन्शनमधून, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेतून, १८ हजार कापले. सोलापूरकडचा माणूस, पाच-सहा पोरं घेऊन काम करायचा. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून वर्क ऑर्डर काढून टेबलावर ठेवली, नऊ पानं, सगळी इंग्रजीत, मुलाकडून वाचून घेतलेली. 'साहेब, पॅकिंग कुठं लिवलंय तेवढं बोट ठिवून दाखवा.' मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, 'आणि इतर सर्व आनुषंगिक कामे' अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ. तो म्हणाला, 'मग लिफ्ट पण मीच बशिवणार व्हतो का?' ती ऑर्डर मीच टाइप केली होती, आधीच्या साइटची कॉपी मारून. पैसे तरी कापलेच. तो परत आमच्या साइटवर आला नाही, आणि आज इतक्या वर्षांनी मला त्याची लाज वाटते.

लेखात म्हटलंय की यावर उपाय ट्रेनिंग. ट्रेनिंग द्याच, पण आधी कागद नीट लिहा. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) दरसूचीत पाइपसाठी भिंतीत झिरी (खाच) मारणं आणि नंतर ती बुजवून आजूबाजूसारखी फिनिश करणं एकाच आयटममध्ये धरलेलं आहे. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकात ०.५ चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग प्लास्टरमधून वजा करायचं नाही इतकं बारीक लिहून ठेवलंय. म्हणजे हे लिहिता येतं! खासगी कामात आम्ही दर पाडण्यासाठी तेच काम सहा एजन्सींत फोडतो आणि फोडलेल्या तुकड्यांच्या मधलं कुणालाच देत नाही. परांची कुणाची, राडारोडा कोण उचलणार, पाणी कोण मारणार, झिरीवर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) कोण लावणार, चौकटीमागची पोकळी कोण भरणार, स्लॅबच्या आधी स्लीव्ह कोण तपासणार, याचा एक तक्ता करून सगळ्या एजन्सींना एकत्र बसवून सह्या घ्यायला एक दुपार लागते. आणि तो तक्ता मराठीत किंवा हिंदीत हवा, ज्याला काम करायचंय त्याला वाचता येईल असा.

रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांच्या आत दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. पण त्या दुरुस्तीचा खर्च नंतर आतल्या आत कुणावर ढकलला जातो तेही तुमच्या वार्ताहराने एकदा साइटवर जाऊन विचारावं.

आणखी एक. लेखासोबत परांचीवरच्या एका गवंड्याचा फोटो छापलाय, चेहरा स्पष्ट दिसतोय, वर मथळा 'निकृष्ट कारागिरी'. तो माणूस त्याच इमारतीवर होता का? त्याला विचारून छापला का? त्याच्या गावीही पेपर जातो. फोटोबद्दल खुलासा उद्याच्या अंकात, त्याच पानावर छापावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनीअर, पुणे