आधी जाळरेषा, मग रोपे

महोदय,

कोल्हापूरजवळच्या कात्यायनीच्या डोंगरावर पावसाळ्यात रोपे लावण्याच्या संकल्पाची बातमी कालच्या अंकात वाचली. रोपांचा आकडा आला, पाहुण्यांची नावे आली. पण दिवाळीनंतर त्या रोपांभोवतीचे गवत कोण कापणार, याची एक ओळ नाही. उन्हाळ्यात वणव्याचे फोटो छापून येतात आणि जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लागतात. हे अजून किती वर्षे चालणार?

कृपा करून एकदा जाळरेषेबद्दल, म्हणजे वणवा अडवायला गवत कापून-जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याबद्दल, सविस्तर छापा. डिसेंबरात गवत पिवळे पडले की वाटेच्या आणि शेतांच्या कडेने निदान ३ मीटर रुंद पट्टा विळ्याने कापायचा. कापलेले गवत पट्ट्याच्या मधोमध ओढायचे आणि सकाळी, वारा पडलेला असताना, थोडे थोडे जाळायचे. चढ असेल तर वरच्या टोकाने पेटवत खाली यावे. खालून पेटवले तर जाळ चढाने धावत सुटतो. हाताशी ओल्या डहाळ्या आणि पाठीवरचा औषध मारायचा पंप पाण्याने भरून हवा. डहाळी आपटायची नाही, जाळावर दाबून धरायची. आपटली की ठिणग्या पलीकडच्या गवतात पडतात. हे सगळे जानेवारीत उरकले पाहिजे. शिमग्यापर्यंत रेंगाळलात तर रेषा जाळतानाच डोंगर पेटेल. आणि मध्ये चार हात गवत जरी कापायचे राहिले, तरी आग नेमकी तिथूनच ओलांडते.

आग बऱ्याचदा खालून येते. ऊस तुटून गेला की फडातला पाला भरदुपारी पेटवतात, बांध धुमसत राहतो आणि वारा ठिणगी वर नेतो. पाल्याची कुट्टी करून सरीतच ठेवली तर जमिनीलाही फायदा आहे. तेवढे जमत नसेल तर डोंगराकडची बाजू आधी साफ करावी, दुपारी काडी लावू नये.

रोपाभोवती हातभर जागा खुरप्याने मोकळी ठेवली तर आग बुंध्यापर्यंत पोचायला गवतच उरत नाही. तरीही होरपळलेले रोप लगेच उपटू नका. बुंध्याजवळ साल नखाने खरवडून बघा. आत हिरवी ओल दिसली तर ते पावसात फुटते. जळालेल्या उतारावरची माती मात्र पहिल्या वळवातच सुटते, आणि ती शहराच्या काही भागाला पाणी देणाऱ्या कळंबा तलावात येते. शहरातल्या माणसाने एवढे तरी लक्षात घ्यावे.

फिरायला जाणाऱ्यांनी वर चूल मांडू नये. वणवा दिसला तर त्याच्या वरच्या अंगाला उभे राहू नये, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आणखी एक. तुमचे वार्ताहर गव्याला ‘गवारेडा’ लिहितात. गवा गाईबैलांच्या कुळातला, रेडा म्हशीच्या. कोल्हापूरच्या वर्तमानपत्राने तरी हे चुकू नये. त्याहून गंभीर म्हणजे गवा कुठल्या शेतात उभा आहे, हे लगेच जाहीर होते आणि तासाभरात मोबाईल घेऊन गर्दी लोटते. पुण्यात डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडला शिरलेला गवा लोकांनी तासन्‌तास पळवला आणि शेवटी तो मेला. गवा परत रानात जाईपर्यंत त्याचे ठिकाण छापू नका, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कळंबा