सुमे, तुझ्या वर्गाची कार्डं निघाली

परळ, मुंबई
दिवाळीच्या सुट्टीचा पहिला आठवडा

प्रिय सुमे,

दिवाळीची कार्डं पोस्टात पडली एकदाची. तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला एक, नावानिशी. यादी आल्यापासून चाळीतल्या पोरांनी माझ्यामागे भुणभुण लावली होती, पण सहामाही संपेपर्यंत मी रंगांचा डबा काढलाच नाही. काढला असता तर त्यांच्या आयांनी मला फाडून खाल्लं असतं.

पहिल्याच दिवशी तिसरीतला एकजण मोबाईलवरून प्रिंट काढून घेऊन आला. नारिंगी-लाल टोकदार पानं, एक भोपळा आणि खाली 'हॅपी ऑटम'. झालं, सगळ्यांना तेच काढायचं! मी नको म्हटलं नाही. एवढंच विचारलं, हे झाड आपल्या गल्लीत कुठे आहे ते दाखव बरं. पोरगं खरंच खाली जाऊन शोधून आलं. मग सांगावं लागलं की ते मेपल, थंड मुलखातलं. तिकडे दिवस लहान होऊन गारठा सुरू झाला की पानातला हिरवा रंग मोडतो, आत दडलेला पिवळा दिसायला लागतो, आणि लाल तर तेव्हाच नव्याने तयार होतो. आपल्याकडे आश्विनात झाडं पाऊस पिऊन टम्म असतात. आपली पानगळ शिशिरात, आणि तीसुद्धा थंडीपेक्षा पाणी आटतं म्हणून. यावर चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, "मग आपल्याकडे आत्ता काय असतं?"

बाई म्हणून तुला हा प्रश्न आवडेल. मला तर इतका आवडला की सगळी वरात घेऊन मी खाली उतरले. ऑक्टोबरचं ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. कोपऱ्यावरची सातवीण फुलली आहे. रात्री तिच्या वासाने काहींचं डोकं उठतं, मला मात्र तो आला की दिवाळी आल्यासारखी वाटते. पोरांनी तिची खाली पडलेली डहाळी उचलून पानं मोजली. एका पेरावर सात निघाली, दुसऱ्यावर सहाच. "नाव खोटं आहे हिचं," असा निकाल लागला. या झाडाच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या करायचे, हे सांगितल्यावर तिला माफी मिळाली. तुझ्या पोरांना हे नक्की सांग.

आणि घरात दसऱ्याचं सोनं होतंच. दादरच्या फुलबाजारातून आणलेली जुडी देवापुढे पडून होती. तिच्यात अर्धा कांचन निघाला, दरवर्षी निघतो. दोन्ही पानं शेजारी ठेवली की पोरांनाही फरक कळतो: आपट्याचं लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं आणि पातळ. कौत्साला गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या आणि कुबेराने त्या आपट्यावर पाडल्या, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. एकाने मध्येच विचारलं, "जीएसटी धरून?" अहो, मुंबईची पोरं!

आता करायचं कसं ते लिहिते, कारण तुम्हीही उत्तर पाठवणार आहात. पान उलटं ठेवायचं, शिरा वर. त्यावर झेरॉक्सचा पातळ कागद. मेणाच्या पिवळ्या खडूवरचा कागद सोलून टाकायचा आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा. उभा धरला की कागद फाटतो. देठापासून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या शिरा एकेक करून उमटायला लागल्या तेव्हा ती "जीएसटी" जमातसुद्धा गप्प बसली होती. नंतर वरून पाण्यात कालवलेला हिरवा किंवा निळा रंग फिरवायचा. खडूत मेण असतं, त्यावर पाणी ठरत नाही. रेघा पिवळ्या तशाच राहतात आणि मधली जागा भरते. ते पान कडेने कापून कार्डावर चिकटवायचं. खरं पान चिकटवू नका, वाटेत काळं पडून चुरा होतो. कार्डाच्या जाड कागदावर थेट छाप घ्यायलाही जाऊ नका, शिरा धड उठत नाहीत.

कागदाचा घोळ वेगळाच. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. दुकानदार ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा कागद गळ्यात मारत होता. ए-फोरचे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर, म्हणजे तसला एक कागद पावणेएकोणीस ग्रॅमचा. वर लिफाफा धरला की गेलं २० च्या पलीकडे. २०० चा घेतला तर साडेबारा. हे गणित मी सातवीतल्या दोघांकडून करून घेतलं आणि खालच्या वहिनींच्या केकच्या वजनकाट्यावर पडताळून पाहिलं. दुमडताना रिकामी रिफिल पट्टीच्या कडेने दाबून ओढा, घडी सरळ बसते. आणि चित्र काढण्याआधी उघडायची बाजू कोणती ते पेन्सिलीने लिहायला लावा. तुला एक-दोन कार्डं उर्दू पुस्तकासारखी उघडणारी मिळतील. मी ती बदलून घेतली नाहीत. मोठ्यांनी हात फिरवलेलं कार्ड मला लांबूनही ओळखू येतं, आणि ते बघवत नाही.

मजकुराचं विचारशील तर सगळ्यांनी आधी 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' असं ठोकून दिलं. म्हटलं, ते एका ओळीत आटपा आणि खाली स्वतःचं काहीतरी लिहा. एकीने लिहिलं, "आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि लगेच जातं. तुमच्याकडे विहीर आहे का? खोल आहे का?" दुसऱ्याने माहीमच्या कंदील गल्लीत पाहिलेला कंदील काढलाय आणि बाजूला त्याची किंमत लिहून "आईने घेतला नाही" असं नोंदवलंय. त्या मेपलवाल्याने शेवटी आपटाच काढला, पण भोपळा सोडला नाही. राहू दे. लाल भोपळ्याचे घारगे आपणही करतोच की.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, तरी हट्टाने सगळ्यांना जीपीओत घेऊन गेले. १९१३ सालची ती इमारत आणि वरचा घुमट. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय म्हटल्यावर प्रत्येकाने आत ओरडून प्रतिध्वनी येतो का ते तपासलं. काउंटरवरचे काका हसले, आमचं नशीब. पत्ते लिहिताना पिनकोडवर चर्चा झाली. आपला ४०० ने सुरू, तुमचा ४१५ ने, म्हणजे पहिला आकडा सारखाच. तेवढ्यावर "मग जवळच आहे ते" असं ठरलं. आता मे महिन्यात तुझ्याकडे यायचं टुमणं सुरू आहे. हो म्हणण्याआधी तुला विचारते आहे, एवढं लक्षात ठेव.

उत्तराची घाई नको, पण तुळशीच्या लग्नापर्यंत आलं तर बरं. शाळेमागच्या डोंगरावर खरा आपटा असेल तर त्याच्या पानांचे छाप पाठव. आमच्या कांचनवाल्यांना दाखवायचे आहेत. आणि त्या विहिरीची खोली कुणाकडून तरी मोजून घे. पोरगी रोज विचारते.

आईंना नमस्कार. चकलीची भाजणी पाठवतेस ना?

तुझी,
मंदी

ता. क. एका लिफाफ्यात थोडी चमकी आहे. उघडताना पंखा बंद ठेवायला सांग.