जोडी फुटली की स्किट फसते

महोदय,
‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या टीव्हीवरच्या विनोदी स्किट्सच्या कार्यक्रमातून आधी विशाखा सुभेदार आणि मग गौरव मोरे बाहेर पडले, तेव्हा ‘आता मजा गेली’ असा सूर लागला. पण खरे दुखणे माणूस जाण्यापेक्षा जोडी फुटण्याचे. समीर चौघुले आणि विशाखाताईंच्या स्किटमध्ये एकाने ताणायचे, दुसऱ्याने नेमके तोडायचे. तोडणारा नवखा असला की क्षणभर आधी बोलतो; हशा पिकायच्या आत पुढचे वाक्य येते आणि पंच वाया जातो. गौरव मोरेंची ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही जागा तर कार्यक्रमाचे कर्ते सचिन गोस्वामी-सचिन मोटे यांनी रिकामीच ठेवावी. त्याच ढंगाचा दुसरा उभा केला, तर उरते ती नक्कल.

सूत्रसंचालकांची तुलनाही अशीच फसवी. प्राजक्ता माळी स्किट सुरू करून देतात आणि बाजूला होतात. ‘चला हवा येऊ द्या’ या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमात नीलेश साबळे स्वतःच पात्र होऊन पाहुण्यांना खेळवत. २०२५मध्ये तिथे आलेल्या अभिजीत खांडकेकरांना साबळेंच्या फूटपट्टीने मोजू नये. हरकत आहे ती पंच पडताच परीक्षकांकडे वळणाऱ्या कॅमेऱ्याला. दोन सेकंद तो नटाच्याच चेहऱ्यावर राहू द्या. अर्धा विनोद तिथेच असतो.

– एक नियमित प्रेक्षक, ठाणे