सोमवारपासून मावशी येतील

आई, नाना,

फोनवर हा विषय काढला की नाना लगेच केळीच्या भावावर येतात, म्हणून लिहूनच पाठवतेय.

तुमच्या मदतीला दिवसभर कुणीतरी हवं, म्हणून खालच्या गल्लीतल्या मावशींशी बोलून ठेवलंय, सोमवारपासून सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. ॲडव्हान्सपण दिलाय, तेव्हा आता नाही म्हणू नका. तुमच्याने होत नाही म्हणून नाही हं, तुमचं सगळं होतंय, मला माहितीये. पण आखाजीला आई न्हाणीत घसरली ते मला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून, आणि नाना बीपीची गोळी ब्लेडने अर्धी करून उरलेली त्याच पाकिटात खोचून ठेवतात ते मी स्वतः बघितलंय. यावर "माले काय जयं" म्हणायचं नाही.

पुण्याला या असं आता म्हणणार नाही. मागच्या वेळी आई लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायची, कुणीतरी बोलेल म्हणून. मी तिकडे येऊन राहत नाही हेही खरंच आहे, त्याचं काय वाटतं ते राहू दे.

तुमचा पलंग, ओटा, चुलीवरची कळण्याची भाकरी, काही हलणार नाही. फक्त कमोड बसेल आणि न्हाणीत धरायला दांडी. गार लागली तर टॉवेल गुंडाळू, नाना, तुम्ही नाही का सायकलच्या दांडीला गुंडाळायचे, मला टोचू नये म्हणून. बिबडे वाळवायला गच्चीवर मावशी नेतील, आईने खालूनच ओरडायचं.

नाना, घराचं बक्षीसपत्र करायचं नाही. भाऊला आणि मला नकोय. एकदा रजिस्टर झालं की घर तुमचं राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने परत मिळू शकतं, पण कागदात सांभाळायची अट पाहिजे आणि वर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. आमच्यावर विश्वास आहे म्हणाल, असू द्या, तरी घर तुमच्याच नावावर राहू द्या. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार बाहेरचे घ्या, मन बदललं तर उद्या दुसरं करता येतं. (शब्द ऐकून आई रडेल, तिला आधी चहा द्या.)

नानांचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड भाऊ येईल तेव्हा काढेल, आधार शोधून ठेवा. पाच लाखांपर्यंत आहे पण ॲडमिट झाल्यावरचंच, मावशींचा पगार त्यातून निघत नाही, तो आम्ही दोघं देणार, पेन्शनला हात लावायचा नाही. आईच्या कार्डाला अजून दोन वर्षं आहेत, तोवर तिने घसरायचं नाही.

दुपारी उन्हात गेटपर्यंतसुद्धा जायचं नाही. आणि आई, मावशी आल्या की पहिल्याच दिवशी भाकरी कशी थापतात ते बघत मागे उभी राहू नकोस.

तुमची,
छकुली