टलीचा राक्षस अजून ओळखू आलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीत ‘टली मॉन्स्टर’वरचा मजकूर वाचला. या समुद्री प्राण्याचे कोडे सुटले, तो लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशाचा नातलग निघाला, असे त्यात ठामपणे छापले आहे. ही २०१६ची गोष्ट झाली. पुढे काय झाले ते मुलांना कुणी सांगायचे?

फ्रान्सिस टली हा अमेरिकेतल्या इलिनॉयमधला हौशी संग्राहक. मेझन क्रीक भागात कोळसा खाणींनी उपसून टाकलेल्या ढिगांत लोहयुक्त गोटे सापडतात; त्यातल्या एका फुटलेल्या गोट्यात त्याला हा सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी दिसला. आडव्या दांडीच्या दोन टोकांना डोळे, पुढे लांब सोंड, सोंडेच्या टोकाला दातेरी चिमटा! शिकागोच्या फील्ड म्युझियममधले तज्ज्ञही चक्रावले. यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ मध्ये त्याचे नामकरण केले, पण कोणत्याच प्राणिसंघात त्याला बसवले नाही. मला तरी या साऱ्या प्रकरणात तोच निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

हाडे नाहीत, नुसता चपटा ठसा, म्हणून सगळी भांडणे. बाराशेवर नमुने तपासून २०१६ मध्ये एका गटाने सांगितले, की अंगावरून जाणारी फिकट रेघ आतड्याची नसून पृष्ठरज्जूची, म्हणजे पाठीला आधार देणाऱ्या दांड्याची आहे. म्हणजे हा आपल्या दहावीच्या पुस्तकातल्या चक्रमुखींच्या, लॅम्प्रेच्याच घरचा. वर्षभरातच इतरांनी त्यावर हरकत घेतली. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी दीडशेवर नमुने लेझरने त्रिमितीत मोजले, तर अंगावरचे खंड, म्हणजे एकामागून एक येणारे सारखे भाग, डोळ्यांच्याही पुढे गेलेले आढळले. पृष्ठवंशीयांत असे कुठे दिसत नाही. तेव्हा तो मासा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ते तरी शेवटचे ठरेल असे मी म्हणणार नाही.

हा वाद घालता येतो तो टलीनंतरही हौशी लोक गोटे गोळा करून संग्रहालयांना देत राहिले म्हणून. गोटे पाण्यात घालून पुन्हापुन्हा गोठवायचे, म्हणजे ते आपोआप उकलतात, हातोडा लागत नाही. बालवाचकांना हे वाचायला नक्की आवडले असते. इलिनॉयने तर १९८९ मध्ये या बेवारशाला राज्य-जीवाश्म करून टाकले!

पुढच्या पुरवणीत ‘सुटले’ऐवजी ‘सुटलेले नाही’ एवढी दुरुस्ती छापावी. चित्र बदलू नये, ते छान आहे.

आपली,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षिका, नाशिक