लिफ्टसमोरची कड, पायऱ्यांचं रेलिंग आणि माझं पार्किंग याबद्दल

मा. अध्यक्ष काका,
स.न.वि.वि.

सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये लिफ्टजवळची जागा मिळावी म्हणून केलेला माझा पार्किंगचा अर्ज दोन मिनिटांत बाजूला पडला तेव्हा मी तिथेच बसले होते पण काही बोलले नाही, कारण रडू येईल असं वाटत होतं आणि सगळ्यांसमोर ते नको होतं. म्हणून आता शांतपणे लिहितेय. पत्र लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती आहे, आणि जमलं तर कमिटीतल्या बाकीच्यांनाही वाचायला द्या.

त्या दिवशी एक सभासद म्हणाले की "ताईंना तर आम्ही रोज सकाळी व्यवस्थित चालत ऑफिसला जाताना बघतो." ते खोटं बोलले नाहीत काका. त्यांनी खरंच बघितलंय. फक्त त्यांनी सकाळी आठचं बघितलंय आणि मी पार्किंगमधून परत येते ते संध्याकाळी साडेसहाला, त्या वेळी मला बघायला कोणी खाली नसतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस म्हणतात त्याला. बऱ्याच जणांना वाटतं हा काहीतरी नवीन निघालेला आजार आहे, तसं नाहीये, शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्येच त्याचं नीट वर्णन करून ठेवलंय. मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूमधल्या नसांवर मायलिन नावाचं एक आवरण असतं, आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करते, आणि जिथे आवरण गेलं तिथून निरोप हळू जातो किंवा जातच नाही. कोणाच्या डोळ्यावर येतं, कोणाच्या हातावर, कोणाच्या लघवीवर. माझ्या उजव्या पायावर आलंय आणि थोडं उजव्या हाताच्या पकडीवर.

पायाला जे झालंय त्याला फूट ड्रॉप म्हणतात. म्हणजे पाय उचलला की पाऊल वर यायला पाहिजे ते येत नाही, चवडा खालीच लोंबतो. आपण चालताना नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर ओढून धरतो, मग टाच आधी टेकते आणि नंतर चवडा. माझा चवडाच आधी टेकतो, किंवा जमिनीला घासत जातो. तो अडकू नये म्हणून मी कंबर वर उचलते आणि पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणते. लांबून बघणाऱ्याला ते झुलत चालल्यासारखं दिसतं. मी प्यायलेय की काय असं एकदा माझ्या पाठीमागे बोललं गेलंय, कोण बोललं ते सोडून द्या, पण मी ते ऐकलं होतं आणि ते अजून मनातून गेलेलं नाही.

तेल लावा, मालिश करा, पायाचा एक्स-रे काढा असं बरेच जण आपुलकीने सांगतात. पण माझ्या पायात मुळात बिघाड नाहीये, वरून येणारा हुकूम पोचत नाहीये. म्हणूनच गुडघ्याखाली पट्टा बांधून नसेला बारीक करंट देणारं एक मशीन असतं त्याने माझं पाऊल टपकन वर येतं, कारण खालची नस आणि स्नायू शाबूत आहेत. मी ते वापरून पाहिलं, छान चालता येतं, पण घाम आला की पॅड सुटतात. म्हणून रोज स्प्लिंट घालते, एएफओ म्हणतात, पोटरीपासून तळव्यापर्यंत येतो आणि पाऊल काटकोनात धरून ठेवतो. पँटच्या आत असतो म्हणून कोणाला दिसत नाही. एवढं करूनही दुपारनंतर मांडीचा स्नायूच थकतो आणि कंबरही उचलत नाही, तेव्हा स्प्लिंट तरी काय करणार.

आता कडेबद्दल. लॉबीत जुन्या लाद्यांवर नवीन टाइल्स बसवल्या, दिसायला छान झालं, पण लिफ्टच्या दारासमोर त्या जिथे संपतात तिथे एक कड राहिलीये. मी स्केलपट्टी लावून मोजली, दोन सेंटिमीटर आहे. तुम्ही म्हणाल दोन सेंटिमीटरने काय होतंय. पण धडधाकट माणूस चालतो तेव्हासुद्धा पाय पुढे जाताना त्याचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरच वर असतो, आपल्याला कळत नाही इतकंच. माझ्याकडे संध्याकाळी तेवढेही नसतात.

गेल्या महिन्यात मी तिथेच पडले. खांद्याला लॅपटॉपची बॅग, डाव्या हातात काठी, लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं म्हणून मी थोडी घाई केली आणि बुटाचं टोक बरोब्बर त्या कडेत अडकलं. पडताना हात पुढे आलाच नाही, उजवा हात उशिरा येतो माझा. गुडघा आणि हनुवटी दोन्ही आपटलं, काठी लिफ्टच्या आत घरंगळत गेली आणि दार लागून लिफ्ट वर निघून गेली, काठीसकट. मी तिथे जमिनीवर बसून राहिले कारण धरून उठायला आसपास काहीच नाही, नुसती गुळगुळीत भिंत. सहा-सात मिनिटांनी वॉचमन दादा आले, त्यांनी हात दिला. ते खूप चांगले वागले हे मुद्दाम लिहितेय. पण नंतर कित्येक दिवस मी लिफ्टसमोर आले की आधी उभी राहून त्या कडेकडे बघायचे, पाय हाताने धरून उचलावा तसा विचार करून उचलायचे, आणि मागे लोक ताटकळत उभे असायचे.

माझे रोजचे बूट तुम्हाला दाखवायला आणणार आहे. डाव्या बुटाचा सोल अजून तसाच आहे. उजव्याचं टोक झिजून आतला पांढरा फोम दिसतोय, फक्त टोक, टाच तशीच्या तशी. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले. मी किती घासत चालते ते त्या बुटावरून कोणालाही कळेल, मला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

ती कड काढायला मोठं काम नाहीये. सिमेंटचा छोटा उतार करून दिला तरी चालेल, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि लॉबीतली ती सुटी पायपुसणी प्लीज उचला. त्यांच्या कडा वळतात आणि पाय बरोबर त्यात जातो. ठेवायचीच असतील तर फरशीला चिकटवलेली ठेवा.

दुसरं पायऱ्यांचं. एंट्रन्सच्या तीन पायऱ्यांना रेलिंग आहे पण एकाच बाजूला, वर येताना ते माझ्या डाव्या हाताला येतं, मस्त धरता येतं, आणि खाली उतरताना तेच उजव्या हाताला जातं, ज्याची पकडच नाही. फिजिओने शिकवलंय की चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना अधू पाय आधी. उतरताना तो उजवा पाय खाली सोडायचा म्हणजे सगळं वजन डाव्या पायावर आणि हातावर, आणि नेमकं तेव्हाच डाव्या हाताला धरायला काही नाही. म्हणून दुसऱ्या बाजूलाही रेलिंग हवंय, गोल पाइपचं, मुठीत मावेल असं, आणि पहिल्या पायरीच्या थोडं आधीपासून सुरू होऊन शेवटच्या पायरीच्या थोडं पुढेपर्यंत. त्या शेवटच्या पायरीनंतरच तोल जातो.

सेक्रेटरी म्हणाले होते की बाजूला रॅम्प आहे ना, तो वापरा. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, पण हे समजून घ्या की फूट ड्रॉपवाल्याला चढ हा पायरीपेक्षा अवघड जातो. चढावर पाऊल सपाट जमिनीपेक्षा जास्त वर ओढावं लागतं आणि माझ्याकडे तेच नाहीये. त्यात आपला रॅम्प स्कूटर चढवण्यासाठी केलेला आहे, भरपूर उभा आहे. व्हीलचेअरसाठी साधारण एकास बाराचा उतार धरतात, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. आपल्या रॅम्पची लांबी त्याच्या निम्मीही नाही. तो कधीतरी नीट करायलाच हवा, ए विंगमधल्या आजी व्हीलचेअरवर असतात आणि त्यांना दोन माणसं लागतात चढवायला, आणि उद्या मलाही व्हीलचेअर लागू शकते, मी त्यापासून तोंड फिरवत नाही. पण तो खर्च मोठा आहे हे मला कळतं, एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत घ्या. रेलिंगला मात्र एजीएमची वाट बघायला लावू नका.

आता पार्किंग, ज्याच्यावरून सगळं सुरू झालं. माझी जागा मागच्या कंपाउंड वॉलजवळ आहे, तिथून लिफ्टपर्यंत मी पावलं मोजली, सकाळी ९४ होतात आणि संध्याकाळी १३० च्या वर जातात, कारण पावलं लहान होत जातात. मध्ये दोनदा थांबते, एकदा खांबाला धरून आणि एकदा कोणाच्या तरी गाडीला धरून, गाडीवाल्यांनी माफ करावं. उन्हाळ्यात तर विचारू नका. एमएसमध्ये शरीराचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी आवरण गेलेल्या नसा निरोप न्यायचं बंद करू शकतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय, व्यायाम केला की पेशंटची नजर अंधुक होते असं त्यांना दिसलं होतं. पुढे तर बरीच वर्षं निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे, वाचून अंगावर काटा आला माझ्या. गार झालं की परत ठीक होतं, पण गाडीत तापून बाहेर आलेली मी आणि अर्धा तास पंख्याखाली बसलेली मी ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यामुळे कोणी मला रात्री नऊला गच्चीवर बघितलं आणि म्हणालं की ही तर चालतेय, तर तेही खरंच असेल.

हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय काका. माझं रोज सारखं नसतं, एका दिवसातही सारखं नसतं. म्हणून माझ्या चांगल्या तासावरून माझी गरज ठरवू नका.

लिफ्टजवळची पहिली जागा ज्यांची आहे त्यांच्याशी मी स्वतः बोललेय, ते अदलाबदलीला तयार आहेत, त्यांचं लेखी सोबत जोडलंय. कमिटीने फक्त नोंद करून द्यायची आहे. न्यूरॉलॉजिस्टचं सर्टिफिकेटही जोडलंय, पण ते नोटीस बोर्डवर किंवा ग्रुपवर टाकू नका ही कळकळीची विनंती, ते कमिटीपुरतंच राहू दे.

आणि लिफ्टचं मेंटेनन्स असेल तर आदल्या दिवशी मेसेज टाका. मला चौथ्या मजल्यावर जायचं असतं, आधी कळलं तर मी त्या दिवशी घरूनच काम करते किंवा बहिणीकडे थांबते. मागच्या वेळी मला खाली आल्यावर कळलं, मी लॉबीत वॉचमन दादांच्या खुर्चीवर पावणेदोन तास बसले आणि ते बिचारे तेवढा वेळ उभे होते. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर एक साधी खुर्ची कायमची ठेवता आली तर माझ्यासारखीच अजून चार-पाच ज्येष्ठ मंडळी टेकतील.

कमिटी जागा बघायला येणार असं सेक्रेटरी म्हणाले, त्यासाठी रविवारी सकाळी अकराची वेळ सुचवली आहे. माझी विनंती आहे की रविवारी नको आणि सकाळी तर अजिबात नको. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मागच्या गेटपाशी या, मी ऑफिसमधून येईन, गाडी लावेन, आणि तुम्ही माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत चाला. माझ्या वेगाने चाला. टेप मी आणते.

आपली,
बी विंग, ४०२

सोबत: १) पार्किंग अदलाबदलीची लेखी संमती २) डॉक्टरांचं सर्टिफिकेट (फक्त कमिटीसाठी) ३) लिफ्टसमोरच्या कडेचे दोन फोटो, स्केलपट्टीसह