म्यूऑन आपल्या गच्चीवरही

महोदय,
उन्हाळ्यात आम्ही सोलापूरकर गच्चीवर अंथरूण टाकतो, तेव्हा तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे आकाशातून येणारा अतिसूक्ष्म कण, आरपार जातो. १९३६ साली सापडलेला हा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड. म्हणून गोल फिरवताना तो ऊर्जा फारशी उधळत नाही; शिवाय तो प्रोटॉनसारखा क्वार्क या आणखी लहान कणांचं गाठोडंही नाही. म्यूऑन कोलायडरचा, म्हणजे म्यूऑनचे झोत एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राचा, आग्रह त्यासाठीच. अडचण मात्र जबर: आयुष्य जेमतेम २.२ मायक्रोसेकंद! वेगामुळे ते लांबतं, तरी तेवढ्यात झोत आवळून धडकवायचा. असं यंत्र अजून कुठेच नाही.

आमच्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी ज्वालामुखीच फुटतो. ड्राय आइस आणि अल्कोहोलवर क्लाउड चेंबर, म्हणजे कणांचा माग दाखवणारी पेटी, बनवा की! काळ्या तळावर म्यूऑनची पांढरी रेघ उमटते, क्षणात विरते.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर